कोर्बिनियानचे पुढचे दात

कोर्बिनियानचे पुढचे दोन दात शोर्श खाटकाच्या कोपराने गेले. भांडण नव्हतं, हाणामारी नव्हती. हास्लबर्ग गावच्या नेमबाज मंडळाचा वार्षिक उत्सव होता, ‘काळं अस्वल’ बियर हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती, आणि बँड नेहमीप्रमाणे शेवटी शेवटी मंचावरून खाली उतरून टेबलांच्या मधून वाजवत फिरत होता. शोर्श बाकावर उभा राहून गात होता, हातात लिटरचा मग. मागून कुणीतरी त्याला हाक मारली. तो गर्रकन वळला आणि त्याचं कोपर कोर्बिनियानच्या फ्ल्यूगलहॉर्नच्या भोंग्यावर आदळलं. भोंग्याच्या दुसऱ्या टोकाला कोर्बिनियानचे ओठ होते.

काय झालं ते कुणाच्या लवकर ध्यानातच आलं नाही. चाल तेवढी गायब झाली, आणि बाकीचा बँड चालीवाचून धुम-टा, धुम-टा करत पुढे जात राहिला. मागून ट्युबावाला हार्टल ओरडलासुद्धा, "काय रे, झोपलास का?" कोर्बिनियान तळहाताकडे बघत उभा होता. हातात एक दात अख्खा होता आणि एक अर्धा.

कोर्बिनियान श्टाडलर तसा पत्र्याचं काम करणारा. गावातल्या निम्म्या छपरांच्या पन्हाळी त्याच्या हातच्या, चर्चच्या मनोऱ्यावरचा तांब्याचा पत्राही त्याने आणि त्याच्या बापाने बसवलेला. पण गावात त्याची ओळख पन्हाळींवरून नव्हती. तो बँडचा पहिला फ्ल्यूगलहॉर्नवाला होता, तोही पोरसवदा वयापासून. फ्ल्यूगलहॉर्न म्हणजे दिसायला ट्रम्पेटचा जाडगेला भाऊ, पण आवाज मऊ आणि गोल. गाण्याची चाल त्याच्याकडे असते. बाकीच्यांनी घर बांधायचं आणि त्याने खिडकीत बसायचं, असा तो मामला. कोर्बिनियान खिडकीत बसून चांगलाच रुळला होता. लग्नात, जत्रेत, मे महिन्यात गावात उभारतात त्या सजवलेल्या खांबापाशी लोक त्याच्याकडे बघत, म्हाताऱ्या बायका त्याच्या एका ठरावीक संथ गाण्याला डोळे पुसत. मागच्या रांगेत अवाढव्य, धुम-धुम करणारे ट्युबा घेऊन बसणाऱ्या दोघांना तो माणसांत धरतच नसे. "आमच्या बँडमध्ये बावीस माणसं आहेत आणि दोन कपाटं," हे त्याचं ठरलेलं वाक्य. हार्टल त्यावर शांतपणे मग रिकामा करायचा आणि म्हणायचा, "कपाट आहे म्हणून तुझा कोट टांगायला जागा आहे."

तालुक्याच्या गावातल्या दंतवैद्य बाईंनी कोर्बिनियानला तात्पुरते दात बसवून दिले. दिसायला ते आधीच्यांपेक्षा सरसच होते. बायको बुर्गी म्हणाली, "शोर्शचे आभारच मानायला हवेत. लग्नात असे असते तर फोटो तरी बरा आला असता." कोर्बिनियानने घरी येऊन कोट काढायच्या आधी फ्ल्यूगलहॉर्न तोंडाला लावलं. फुस्स. सायकलच्या चाकातून हवा जावी तसा वारा गेला आणि सूर आलाच नाही. पुन्हा फुंकलं, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी जोर लावला तर डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"मी सांगितलं होतं ना," बाई दुसऱ्या दिवशी म्हणाल्या. "तुमच्या त्या वाद्याचं तोंड अंगठीएवढं. त्याचा सगळा भार नेमका याच दोन दातांवर येतो. आतलं हाड भरून येऊ दे, मग पक्के दात बसवू. वर्ष तरी धरा, थोडं जास्तच. तोवर फुंकलंत तर हेही हातात येतील."

"वर्ष?"

"श्टाडलर, जेवता येतंय, बोलता येतंय. बाजा काय, नाही वाजवला वर्षभर तर कुणी मरत नाही."

बाई बाहेरगावच्या होत्या. त्यांना काय सांगणार?

शोर्शला मात्र फार वाईट वाटलं होतं. प्रायश्चित्त म्हणून दर शनिवारी तो दुकानातून एक पुडकं पाठवू लागला. पण बिचाऱ्याने मनापासून पाठवले ते आपले सगळ्यात भारी सॉसेज, धुरावर वाळवलेले, खुंटीसारखे टणक. चणे आले तेव्हा दात गेलेले. कोर्बिनियान ते पातळ कापून चघळायचा आणि शोर्शला मनातल्या मनात शिव्या द्यायचा. शेवटी बुर्गीनेच दुकानात जाऊन सांगितलं, "अरे, मऊ काहीतरी पाठव. नाहीतर स्वतः येऊन चावून दे."

ऑक्टोबरमधली चर्चची जत्रा तोंडावर आली. जत्रेच्या रविवारी ‘काळं अस्वल’मध्ये सकाळपासून बँड, दुपारी भाजलेला हंस, मग नाच. बँडपुढे काठी हलवणारा कंडक्टर ओटमार, जो एरवी शाळेत गणित शिकवायचा, एका संध्याकाळी घरी आला आणि टोपी हातात फिरवत बसला.

"बोल," कोर्बिनियान म्हणाला.

"आफ्राला पहिल्या खुर्चीवर बसवावं म्हणतो. तात्पुरतं."

आफ्रा ही शाळेची बस चालवणारी. चाळिशीची, थोडक्यात बोलणारी. कित्येक वर्षं ती कोर्बिनियानच्या शेजारी बसून दुसरं फ्ल्यूगलहॉर्न वाजवत आली होती. दुसऱ्याचं काम म्हणजे पहिल्याच्या खालून, त्याच्या सावलीसारखं चालायचं.

"आफ्रा दुसरी आहे," कोर्बिनियान म्हणाला.

"हो, पण शेजारी बसून तिला सगळं पाठ झालंय."

"पाठ होणं वेगळं."

"वेगळंच," ओटमारने कबूल केलं. "पण माझ्याकडे दुसरं कोण आहे? गणितच आहे ते."

"बसव मग. लोकांना कळेलच."

लोकांना कळेल, याच आशेवर कोर्बिनियान जत्रेच्या रविवारी हॉलमध्ये गेला. बुर्गी गायकवृंदाच्या बायकांबरोबर बसली, हा खांबाजवळच्या टेबलावर. मंचावर न बसता हॉलमध्ये बसायची ही त्याची जन्मातली पहिलीच वेळ, आणि हात कुठे ठेवायचे तेच त्याला कळेना. बँड सुरू झाला. आफ्राने चाल उचलली. कोर्बिनियानची बोटं टेबलाच्या कडेवर आपोआप दाबली जाऊ लागली. तिसऱ्या ओळीत ती मधेच श्वास घेते, तो तिथे कधीच घेत नसे. तिचा आवाज त्याच्यापेक्षा जरासा उजळ. शेवटचा लांबलचक सूर ती धरते खरी, पण त्यात तो कंप नाही. तो वाट बघत होता, आता कुणीतरी मान वळवेल, कुणीतरी शेजाऱ्याला कोपरखळी मारेल.

कुणी मान वळवली नाही. त्याच म्हाताऱ्या बायकांनी त्याच गाण्याला त्याच रुमालांनी डोळे पुसले. टाळ्या पडल्या, तेवढ्याच. रोझल, जी त्या हॉलमध्ये वर्षानुवर्षं बियर वाढत आली होती, दोन्ही हातांत मिळून दहा मग घेऊन आली आणि एक त्याच्यापुढे आपटून म्हणाली, "आज काय छान वाजतोय रे बँड!" मग जरा निरखून बघत म्हणाली, "आणि तू आज इथे खाली कसा?"

हंस पानात पडायच्या आधीच कोर्बिनियान घरी गेला. बियर अर्धीच टाकून. ही गोष्ट मात्र हॉलमध्ये सगळ्यांच्या लक्षात आली.

त्यानंतर त्याने ‘काळं अस्वल’ सोडलं. शुक्रवारी तिथे बँडचा सराव असायचा. त्या संध्याकाळी तो घरात या खोलीतून त्या खोलीत फिरायचा. त्यात थंडी पडली, छपरांवर बर्फ आलं, कामही थांबलं. बुर्गीचा जीव मेटाकुटीला आला.

"एकतर काहीतरी वाजव, नाहीतर काहीतरी ठोक," ती म्हणाली. "माझ्या स्वयंपाकघरात नुसता खांबासारखा उभा राहू नकोस."

डिसेंबरात एका सकाळी हार्टलचा ट्रॅक्टर दाराशी येऊन थांबला. हार्टल शेतकरी, बियरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सच्या वेली आणि गोठाभर गाई. स्वतः पिकवलेलं मगातून परत पोटात घालतो, असं लोक म्हणत. तो उतरला, मागच्या ट्रॉलीतून घोंगडीत गुंडाळलेलं मोठं धूड काढलं, आणि पायाने दार लोटून ते सरळ स्वयंपाकघरात आणून ठेवलं.

"हे काय?" कोर्बिनियानने विचारलं.

"कपाट," हार्टल म्हणाला. "तुझ्यासाठी आणलंय."

घोंगडीत आलोइसचा ट्युबा होता. आलोइस म्हणजे मागच्या रांगेतला दुसरा. त्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी त्याला बटाट्याची पिशवीही उचलायला मनाई केली होती.

"तुला वेड लागलंय," कोर्बिनियान म्हणाला.

"याचं तोंड बघ. कपाएवढं आहे. दातांना कुठे लागतच नाही, ओठांच्या भोवतीने बसतं. माझ्या बापाच्या तोंडात शेवटी एक दात नव्हता, तरी वाजवत होता."

"म्हणूनच तसं वाजायचं."

"तसंच वाजायचं," हार्टल म्हणाला. "नको तर नको. पण परत उचलून न्यायला माझी कंबर तयार नाही. इथेच राहू दे. मी चाललो, गाई खोळंबल्यात."

आठवडाभर ट्युबा स्वयंपाकघरात शेगडीशेजारी उभा होता. बुर्गी त्याच्या भोंग्यावर ओलं पुसणं वाळत घालू लागली. मग एके दिवशी ती बाजारात गेलेली असताना कोर्बिनियानने पुसणं काढलं, वाद्य मांडीवर घेतलं आणि फुंकलं. वासरू हरवलेल्या गाईसारखा आवाज आला. शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. पण वारा कुठून सुटला नाही. ओठ थरथरले, दात दातांच्या जागी राहिले, आणि पोटापर्यंत सगळं गदगदलं. बुर्गी परत आली तेव्हा तो घामाघूम होऊन बसला होता.

"पुसणं कुठाय?" तिने विचारलं.

"त्याला दोरी बांध वेगळी," तो म्हणाला.

शिकवणी हार्टलच्या गोठ्यात, सकाळचं दूध काढून झालं की. तिथे ऊब असायची आणि गाई तक्रार करत नसत. कोर्बिनियानला वाटलं होतं, ट्युबात शिकण्यासारखं आहे काय? एक सूर इकडे, एक सूर तिकडे. पहिल्याच दिवशी हार्टलने त्याला चार वेळा थांबवलं.

"तू चाल वाजवतोयस."

"मी धुम वाजवतोय!"

"धुमची चाल वाजवतोयस. प्रत्येक धुमला नटवतोस. एक सूर लाव, सोड. थांब. मग पुढचा. थांबायला विसरू नकोस, निम्मी मजुरी त्याचीच आहे."

"आणि लोकांनी ऐकायचं काय?"

"लोकांनी तुला कशाला ऐकायचं? लोकांनी नाचायचं."

कोर्बिनियानला हे पटलं नाही, पण जमलंही नाही, म्हणून त्याने पुन्हा पहिल्यापासून फुंकायला घेतलं. नाताळ झाला. जानेवारीत चर्चचा म्हातारा सेवक वारला, आणि कोर्बिनियान ट्युबा घेऊन पहिल्यांदा चारचौघांत गेला तो त्याच्या अंत्ययात्रेला.

थंडी अशी की वाद्यांवरच्या दाबायच्या कळा गोठत होत्या. सगळे जण वाद्याचा तेवढा भाग कोटाखाली धरून उभे. शवपेटी उचलणारे सहा जण खालच्या सुरावर पावलं टाकतात, हे कोर्बिनियानने इतक्या वर्षांत ऐकलं होतं, पण त्याकडे लक्ष दिलं नव्हतं. आपण वाजवतो आणि लोक चालतात, एवढंच त्याला ठाऊक. हार्टलची कळ मधेच अडकली आणि तो कळेशी झटत राहिला. खालचा सूर एकट्या कोर्बिनियानवर आला. पुढे आफ्रा शोकगीताची चाल वाजवत होती, ती ऐकता ऐकता तो रंगला, रंगता रंगता त्याची लय वाढली. त्याची वाढली तशी सहा जणांची पावलं वाढली. त्यांच्यामागे पाद्रीबाबांनी झगा वर धरला. कबरस्तानाच्या चढावर तर शवपेटी जवळजवळ पळतच गेली.

नंतर ‘काळं अस्वल’मध्ये जेवायला सगळे जमले तेव्हा कोर्बिनियान तोंड लपवत कोपऱ्यात बसला. म्हाताऱ्याची बायको काठी टेकत त्याच्यापर्यंत आली. तो उठून उभा राहिला.

"बस, बस," ती म्हणाली. "माझा नवरा जन्मभर उशिरा पोचला रे. निदान आज तरी वेळेआधी गेला."

टेबलावरचे सगळे हसले. हार्टल एवढा हसला की त्याला ठसका लागला. कोर्बिनियानही हसला, पण घरी जाताना ते त्याच्या डोक्यातून जाईना. आपण वाजवलं तर लोक रडत, डोलत, टाळ्या देत. पण आपल्या फुंकण्याने सहा माणसांचे पाय उचलले गेले, असं आजवर घडलं नव्हतं.

त्या दिवसापासून तो गोठ्यात वेळेवर जाऊ लागला.

मागच्या रांगेचं जगच निराळं होतं. पुढून लोकांचे चेहरे दिसत, मागून बँडवाल्यांच्या माना. कोण चुकणार आहे ते मानेवरून आधीच कळायचं. दोन खुर्च्यांच्या मधे मग ठेवायला हार्टलने एक खोकं ठेवलं होतं. लांब विराम आला की दोघं हळू आवाजात गप्पा मारत. मोठा ढोल वाजवणारा त्यांत सामील होई, आणि ओटमारची काठी वर गेली की तिघांचे चेहरे एकदम चर्चमधल्या संतांसारखे होत. ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांतली कडक बियर आली, तिच्याबरोबर कडक बियरचे जलसे आले. मेचा खांब उभा राहिला. उन्हाळ्यात अंगणातल्या चेस्टनटच्या झाडांखाली रविवार सकाळी वाजवणं सुरू झालं. कोर्बिनियान अजूनही सगळ्यांना सांगायचा, "तात्पुरतं आहे, दात बसेपर्यंत." पण बुर्गीच्या लक्षात आलं होतं की शुक्रवारी हा सरावाला अर्धा तास आधीच निघतो.

सप्टेंबरात बाईंनी पक्के दात बसवले. "आता फुंका," त्या म्हणाल्या. "हळूहळू, पण फुंका."

त्याने फळीवरून फ्ल्यूगलहॉर्न काढलं. स्वयंपाकघरात बुर्गी बटाटे सोलत होती. सूर आला. मग दुसरा, मग अख्खी ओळ. बुर्गीने सुरी खाली ठेवली.

"आला की!" ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरले. तिला गाणं नव्हे, वर्षभराचा त्याचा चेहरा आठवला असावा.

त्याने महिनाभर रोज घरी सराव केला आणि मगच ओटमारला सांगितलं. ओटमार काही बोलायच्या आधीच आफ्रा म्हणाली, "खुर्ची तुझीच आहे. मी शेजारी सरकते." बँडमध्ये सगळे एकमेकांना अरेतुरेच करत, वय कितीही असो. ती हे हसून म्हणाली नाही, रुसूनही नाही. बसचा गिअर बदलावा तसं म्हणाली.

शुक्रवारी कोर्बिनियान पुढच्या रांगेत बसला. खुर्ची तीच, दिवा तोच. ओटमारने ते संथ गाणं काढलं. कोर्बिनियानने वाजवलं. सगळे सूर लागले, एकही चुकला नाही. गाणं संपल्यावर बँडने वाद्यांवर टकटक करून दाद दिली.

"सुंदर," ओटमार म्हणाला. "आणखी थोडा सराव झाला की…"

"छान झालं," आफ्रा म्हणाली.

"परत आला आमचा माणूस," क्लॅरिनेटवाला म्हणाला.

मागच्या रांगेतून खाकरण्याचा आवाज आला. "कोर्बी, खरं सांगू?"

"नको," कोर्बिनियान मान न वळवता म्हणाला.

"बरं." मग हार्टल म्हणाला, "तरी सांगतोच. पाणी घातलेली बियर."

कुणी हसलं नाही. ओटमार कागदांत तोंड खुपसून उभा राहिला. कोर्बिनियानचे कान लाल झाले.

"कपाटाला कान कधीपासून फुटले?" तो म्हणाला. त्याने फ्ल्यूगलहॉर्न पेटीत ठेवलं, पेटीच्या कड्या एक एक करून लावल्या आणि सराव अर्धा टाकून निघून गेला.

पुढच्या शुक्रवारी तो गेला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. घरी त्याने तेच गाणं पुन्हा पुन्हा वाजवलं. राग यायचा तो हार्टलचा. पण वाजवताना ऐकू यायचं ते हार्टलने सांगितलेलंच. सूर बरोबर होते. त्यांत जे काही पूर्वी आपोआप यायचं, ते आता बोलावूनही येत नव्हतं. त्याने बुर्गीला विचारलं.

"मला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली आणि भांडी घासत राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाली होती. ती कधी काय बोलायचं टाळते हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मग मंगळवारी दुपारी तो ‘काळं अस्वल’मध्ये गेला. हॉल रिकामा होता, शेगडीजवळच्या नेहमीच्या टेबलावर हार्टल एकटा बसून मुळ्याला मीठ लावत होता. कोर्बिनियान समोर बसला. रोझलने न विचारता मग आणून ठेवला. बराच वेळ दोघांनी मुळाच खाल्ला.

"शुक्रवारी सराव लवकर सुटला," हार्टल म्हणाला.

"का?"

"खालचा सूर एकटा माझा. माझी दमछाक झाली."

"आलोइस?"

"त्याने ट्युबा बघितला तरी त्याची बायको किंचाळते."

पुन्हा मुळा. मग कोर्बिनियानने मगाकडे बघत विचारलं, "एवढं वाईट होतं?"

"वाईट?" हार्टलने भुवया उचलल्या. "वाईट कोण म्हणालं? ठीक होतं. पण तू ठीक वाजवलेलं मी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. म्हणून बोललो."

कोर्बिनियानला एकाच वेळी थोबाडीत बसल्यासारखं आणि पाठीवरून कुणी हात फिरवल्यासारखं वाटलं, आणि यातलं कुठलं धरायचं ते कळेना. त्याने मग उचलला. हार्टलने आपला त्यावर आपटला. फेस टेबलावर सांडला.

"तुझा तो उरलेला मुळा दे इकडे," कोर्बिनियान म्हणाला.

जत्रेच्या रविवारी तो मागच्या रांगेत बसला. कुणी काही विचारलं नाही. ओटमारने एकदा मागच्या रांगेकडे नजर टाकली, दोन्ही ट्युबा मोजले आणि काठी उचलली.

हॉल गच्च भरला होता. पहिल्या विरामात आफ्रा आपला मग घेऊन मागे आली आणि ढोलाच्या पेटीवर बसली.

"खुर्ची नको तर तसं सांगायचं तरी," ती म्हणाली. "मी दोन आठवडे दोन्ही भाग तयार करत बसले."

"ठेव तुझ्याकडेच," कोर्बिनियान म्हणाला. मग त्याला राहवलं नाही. "फक्त एक. त्या संथ गाण्यात तिसऱ्या ओळीत तू श्वास घेतेस. मी तिथे कधी घेत नसे."

"माहितेय."

"मग?"

"तू घेत नव्हतास म्हणून तुझा शेवटचा सूर दर वेळी खाली यायचा," आफ्रा म्हणाली. "मी शेजारून माझा जरा वर धरायचे, म्हणजे लोकांना कळायचं नाही."

कोर्बिनियान तिच्याकडे बघतच राहिला. "दर वेळी?"

"लग्नांत जास्त. लग्नांत तू फार लांबवायचास."

त्याने हार्टलकडे वळून बघितलं. हार्टल कळांना तेल घालण्यात गढून गेला होता.

"तुला माहीत होतं?"

"मागच्या रांगेत सगळ्यांना माहीत होतं," हार्टल म्हणाला. "पण खाली येत असला तरी सूर मोठा गोड होता. आम्ही म्हटलं, येऊ दे खाली. आम्ही खालीच आहोत."

पुढचा पोल्का, म्हणजे उड्या घेत नाचायची चाल, कोर्बिनियानने एवढ्या तावातावाने वाजवला की ओटमारने डाव्या हाताने ‘हळू, हळू’ अशी खूण केली. त्याच्या पुढच्या पोल्काला ताव उतरला. नाच सुरू झाला होता. शोर्शने बुर्गीला नाचायला घेतलं होतं आणि तो तिला लाकडी फरशीवरून दाणदाण फिरवत होता. ढोलवाला रंगात आला आणि लय धावायला लागली. म्हातारी जोडपी मागे पडू लागली, एक आजोबा तर मधेच थांबून गुडघा चोळू लागले. ओटमारची काठी एकीकडे, ढोल एकीकडे.

"धर," हार्टल ओठांच्या कोपऱ्यातून म्हणाला.

दोघांनी धरलं. जोर न लावता, फक्त जागच्या जागी. एक धुम, थांब. एक धुम, थांब. ढोलवाल्याने आधी कुरकुरत त्यांच्याकडे बघितलं, मग तो वळणावर आला. त्याच्यामागून हॉर्न आले, क्लॅरिनेट आले, आणि पुढे आफ्राची चाल त्यावर आरामात बसली. पायाखालच्या फळ्यांतून नाचणाऱ्यांची पावलं कोर्बिनियानच्या तळव्यांना लागत होती, आता एकसारखी. आजोबांनी गुडघा सोडला आणि आजींचा हात पुन्हा धरला. मंचाजवळून जाताना बुर्गी धापा टाकत ओरडली, "देवा, सुटले! शोर्श मला छपरावरच फेकत होता!"

दुपार कलली तेव्हा वाजवणं संपलं. हार्टलला दूध काढायला जायचं होतं, म्हणून दोन्ही ट्युबा त्याच्या ट्रॉलीत चढवले आणि कोर्बिनियानही त्यांच्यात बसला. बुर्गी गायकवृंदाच्या बायकांत मागे राहिली होती. आफ्राचं घर वाटेवरच, तीही आपली पेटी घेऊन चढली आणि गवताच्या गठ्ठ्यावर बसली.

"तो भाग दाखव मला," कोर्बिनियान म्हणाला.

"कुठला?"

"जिथे मी खाली यायचो."

"आता काय उपयोग? तू ट्युबा वाजवतोस."

"तरी दाखव."

आफ्राने त्याच्याकडे बघितलं, पेटी उघडली, फ्ल्यूगलहॉर्न काढलं आणि ओठांना लावलं. तिसरी ओळ सुरू झाली, श्वासाची जागा आली. तेवढ्यात हार्टलने ट्रॅक्टर सुरू केला आणि फटफट आवाजात पुढचं काही म्हणजे काही ऐकू येईना.

"बंद कर ते!" दोघंही एकदम ओरडले.